दोन घरांत एक धुरांडं

४ ऑक्टोबर, मुलुंड पूर्व

काशीराम यास, खालच्या मजल्यावरून.

पाकिटाला तिकीट नाही. पोस्टमनला आपलाच जिना चढायला लावून काय करू? वनमाला तुमच्याकडे अळूवड्या पाठवणारच होती, त्या डब्यात झाकणाखाली हे ठेवलंय. आधी वड्या खा, मग वाच. उलट केलंस तर वड्या परत येतील, आणि आमच्याकडे खाणारं कोण आहे?

नवा गॅसचा गिझर घेतलास, छान केलंस. अक्षताचा पहिला दिवाळसण, जावयाला वेगळी बाथरूम हवी, हे अगदी बरोबर. गिझर माझ्या दुकानातून घेतला नाहीस, तेही ठीक. माझ्याकडून घेतला असतास तर पैसे मी घेतले नसते, मग तू आठवडाभर हट्टाने देत बसला असतास, आणि त्यासाठी आपल्याला बोलावं लागलं असतं. भांडुपच्या दुकानदाराने ती अडचण वाचवली.

आता कामाचं. काल संध्याकाळी तो गिझर तुम्ही पहिल्यांदा चालवून बघितलात. तुझा जुना चालू होता. खाली वनमालाही पाणी काढत होती. तिन्ही एकदम चालले, आणि धुरांडं फडफडलं.

तू वरचा मजला चढवलास तेव्हा ते धुरांडं मी स्वतः बसवलं. माझ्या बाथरूमच्या भिंतीतून सरळ वर, तुझ्या बाथरूममधून गच्चीवर. खालच्या गिझरचा धूर आणि वरच्या गिझरचा धूर, दोघांना मिळून एक पत्र्याचा पाइप, वर टोपी. दोघांना तो ऐसपैस आहे. धूर नीट चढत असला की तो पाइप खालच्या पट्टीत घुमतो, जेवण झालेला म्हातारा गुणगुणतो तसा. काल तो दोरीवरच्या ओल्या चादरीसारखा वाजला. म्हणजे धुराला वर जायला जागा मिळेना.

तुझ्या फिटरने तिसरा गिझर त्याच पाइपाला कोपर लावून जोडलाय. शिवाय नव्या बाथरूमला हवा बाहेर फेकणारा पंखा बसवलाय. दार लावून पंखा चालू केला की तो खोलीतली हवा बाहेर टाकणार. मग आत हवा कुठून येणार? जिथे वाट सापडेल तिथून. सगळ्यांत सोपी वाट धुरांड्याची. वर जाणारा धूर उलटा फिरून गिझरच्या तोंडातून खोलीत उतरतो. त्या धुराला वास नाही, रंग नाही. माणसाला वाटतं, गरम पाण्याने सुस्ती आली.

तिसरा गिझर त्या पाइपावरून काढ आणि त्याला वेगळा पाइप दे. माणूस मी पाठवतो, तू ओळखत नाहीस असा पाठवतो.

— धोंडू


८ ऑक्टोबर

काशीराम,

डबा परत आला. वड्या संपल्या होत्या, हे उत्तम. माझ्याच पत्राच्या पाठीवर तू उत्तर लिहिलंस, कागद वाचवलास, हेही उत्तम. तू लिहिलंस, "दुकानातून घेतला नाही याचा राग पोचला. तुझे कान तुझ्याकडेच ठेव."

राग असता तर मी असं गोड लिहिलं नसतं. दुकानात माझ्याशी घासाघीस करणाऱ्या कुणालाही विचार.

कानांचं म्हणशील, तर ते माझ्याकडेच आहेत, इतकी वर्षं त्यांच्यावरच जेवतोय. बाबांची गिरणी बंद पडली आणि मी स्टेशनबाहेर फूटपाथवर स्टोव्ह दुरुस्त करायला बसलो, तेव्हा हत्यारं काय होती? एक पाना, एक पिन आणि हे दोन कान. बाई लांबून स्टोव्ह पेटवून दाखवायची, मी बसल्या जागेवरून सांगायचो, वायसर गेलाय, की भोक चोंदलंय, की रॉकेलमध्ये पाणी आहे. तू शाळेतून येऊन शेजारी बसायचास आणि गिऱ्हाइकाला फुशारकीने सांगायचास, आमचा दादा न बघता सांगतो. आता मी न बघता सांगतोय, तर तुला खोटं वाटतं.

घाटकोपरची बैठक तुझ्या डोक्यातून जात नाही, हे मला माहीत आहे. लग्नाची बोलणी सुरळीत चालली होती, चहा आला होता, आणि आत स्वयंपाकघरात जावयाचे, निहारचे मामा त्यांच्या बायकोला म्हणाले, एकदा लग्न होऊ दे, मग मुलीची नाहूरची नोकरी सोडवू. हे मी ऐकलं आणि सगळ्यांसमोर विचारलं. ते नाही म्हणाले. तू माझ्याकडे बघितलंस. लग्न मोडता मोडता राहिलं, आणि येताना रिक्षात तू म्हणालास, यापुढे माझ्या मजल्यावर येऊ नकोस. आलो नाही. लग्नाला हॉलवर आलो, अक्षता टाकल्या, जेवलो, मठ्ठा चांगला होता, निघालो.

मी चुकीचं ऐकलं होतं असं मी तेव्हा म्हटलं नाही, आता म्हणणार नाही. आई म्हणायची, "धोंडग्या, तुझे कान मांजराचे आणि तोंड कावळ्याचं." कानांबद्दल तिचीही तक्रार नव्हती.

पण माझ्या कानांवर विश्वास ठेवूच नकोस. एक उदबत्ती घे. गिझर चालू कर, आणि गिझरच्या वर जिथून धुराचा पाइप निघतो, त्या कडेच्या फटीपाशी उदबत्ती धर. तिचा धूर आत ओढला गेला, तर धुरांडं ठीक. तुझ्या तोंडावर आला, तर मी ठीक.

— धोंडू


१२ ऑक्टोबर

काशी,

उदबत्ती लावून बघितलीस म्हणे. वनमाला गच्चीवर पापड घालायला आली होती, तुझ्या लताने तिला सांगितलं. धूर सरळ आत गेला, आणि तू हसलास, आणि म्हणालास, "सांगा तुमच्या इंजिनियरला."

इंजिनियराने ऐकलं. आता इंजिनियर विचारतो, किती गिझर चालू होते? एक. पंखा? बंद. बाथरूमचं दार? उघडं, कारण लता दारात उभी राहून बघत होती. अरे, एका गिझरला ते धुरांडं पुरतं हे मला ठाऊक आहे, मीच बसवलंय. रिकाम्या रस्त्यावर गाडी पळवून दाखवलीस, आणि सांगतोस, मुलुंडला ट्रॅफिक नसतो.

वर्षभर त्या पाइपाचं काही बिघडणार नाही. आम्ही म्हातारे उशिरा उठतो, तू लवकर ड्यूटीला जातोस, लता मधेच कधीतरी आंघोळ करते. आपले धूर एकमेकांना पाइपात भेटतच नाहीत. आपल्यासारखेच. पण वर्षात एक दिवस असा येतो, जेव्हा या घरातल्या प्रत्येक माणसाला उजाडायच्या आत आंघोळ हवी असते. पहिली आंघोळ. कढत पाणी, तेल, उटणं, खिडकी बंद कारण जावयाला गारठा लागायला नको, दार बंद, पंखा चालू कारण आरसा धुरकटतो. खाली मी, वर तू, आणि तिकडे नवी बाथरूम. तिन्ही गिझर, एकाच वेळी, गार पडलेल्या पाइपात. असा दिवस गॅसच्या पुस्तकात लिहिलेला नसतो. तुझ्या भांडुपच्या फिटरला तो सुचला नाही, यात त्याचा दोष नाही. तो बहुतेक आधी फटाके उडवून उशिरा आंघोळ करणाऱ्यांतला असेल. पण तुला सुचायला हवा होता. नरकचतुर्दशीला उशिरा उठलो म्हणून आईने आपल्याला कारेट्याचा कडू रस जिभेला लावला होता, विसरलास?

म्हणून पुन्हा बघ. तिन्ही चालू कर, मी खालचा लावून ठेवतो. दार लाव, पंखा लाव. मग उदबत्ती धर.

आणि लताचं डोकं नव्या बाथरूममध्ये आंघोळ केली की दुखतं. गोळी तिने घेतली, पण तिला वाटतं नव्या रंगाचा वास आहे. रंगाचा नाही.

हे मला कसं कळलं, ते विचारू नकोस.

— धोंडू


१६ ऑक्टोबर

काशी,

तू जिन्यात उभा राहून वनमालाला जे बोललास, ते ऐकायला मांजराचे कान नकोत, पलीकडच्या सोसायटीच्या वॉचमननेही ऐकलं. "वहिनी, त्याला सांगा, पाइपाला कान लावून आमच्या घरातलं ऐकतो, लाज वाटू दे."

आता सांगतोच. कान लावावा लागत नाही. माझ्या बाथरूमच्या स्टुलावर बसलं की वरचं सगळं पाइपातून उतरतं. तू दाढी करताना बातम्यांवर चिडतोस. लता बादली सरकवते. अक्षता लग्नाआधी तिथे उभी राहून मैत्रिणीशी फोनवर बोलायची आणि स्वतःच्याच विनोदावर हसायची. बैठकीनंतर मी वर येणं बंद केलं, पण आंघोळ बंद केली नाही. वनमाला म्हणते, तुम्हाला आजकाल आंघोळीला फार वेळ लागतो.

आज तो वेळ संपवला.

सकाळी मी माझा गिझर भिंतीवरून उतरवला. गॅसचा कॉक बंद करून त्याला टोपण घातलं. धुरांड्याला जे भोक होतं त्यावर पत्रा बसवून कडेने पक्कं बंद केलं. हे घर आपण कधी कागदावर वाटून घेतलं नाही, खालचं माझं, वरचं तुझं, एवढंच तोंडी. धुरांडं मात्र सामाईक राहिलं होतं. त्यातला माझा वाटा मी सोडला. आता त्या पाइपात तुझेच दोन गिझर आहेत, आणि दोघांना तो पुरतो, हे मी पहिल्या पत्रातच लिहिलंय.

माझी काळजी नको. मागच्या भिंतीतून वेगळा पाइप काढीन, पण गवंडी दिवाळीला गावी गेलाय, आल्यावर बघू. तोवर वनमाला शेगडीवर मोठ्या पातेल्यात पाणी ठेवते. गिझर विकणारा माणूस पातेल्यातल्या पाण्याने आंघोळ करतो, हे फक्त माझ्या गिऱ्हाइकांना कळू देऊ नकोस.

आता तुझ्याकडे राहिला तो पंखा. पाइप कितीही मोकळा केला, तरी बंद खोलीत तो पंखा धुराला खाली ओढणार. म्हणून एवढंच कर. पंखा चालवू नका. खिडकी फटभर उघडी ठेवा. बादल्या भरून घ्या, गिझर बंद करा, मग दार लावून आंघोळ करा. जावईबापूंना बादलीतून आंघोळ घालण्यात कमीपणा नाही, तेल-उटणं लावून कोणी शॉवरखाली उभं राहत नाही.

हे तुझ्या घराविरुद्ध नाही, माझ्या दुकानासाठी नाही. आता वरचं मला काही ऐकू येणार नाही. तू ऐकलंस की नाही, हे कळायलाही माझ्याकडे काही साधन उरलं नाही.

— धोंडू


१९ ऑक्टोबर, संध्याकाळ

काशी,

अक्षता आणि निहार आल्याचं बॅगांच्या चाकांवरून कळलं. त्यानंतर एकदम शांतता, कारण भोक बंद. मग ती स्वतःच खाली आली. "मोठे बाबा, तुमच्याकडे गिझरच्या जागी कॅलेंडर का लावलंय?" असं विचारलं. मी म्हटलं, गिझर सर्व्हिसिंगला दिलाय. तिला पटलं नाही, पण चकली तोंडात होती.

तिला सगळं सांगू शकलो असतो. चकली संपेपर्यंत सांगून झालं असतं. नाही सांगितलं. तिच्या पहिल्या दिवाळसणाला, नवऱ्यासमोर, तिच्या बापाने मिरवत बांधलेल्या बाथरूममध्ये खोट आहे, हे पुन्हा मी चारचौघांत बोलायचं? ते तूच बोल. तू बोललास तर ती बापाची काळजी. मी बोललो तर ती दुसरी बैठक.

पण एक लक्षात ठेव. माझा मान इतकाही मोठा नाही. उद्या पहाटे मी परसात, तुझ्या नव्या बाथरूमच्या खिडकीखाली उभा राहणार आहे. पंख्याची पाती तिथून दिसतात. ती फिरताना दिसली, की मी जिना चढून येणार, तू बोलावलं नाहीस तरी. दाराची कडी काढून ठेव. नाही ठेवलीस तर दार नवं बसवून देईन, तेही माझ्याच खर्चाने.

— धोंडू


२० ऑक्टोबर, दुपार

काशी,

सकाळी तू समोर उभा होतास आणि बोलायचं होतं ते राहूनच गेलं. आधी तोंडात आलं ते, तुझी बादली सांडतेय. म्हणून हे लिहितो. डबा नाही, पत्र तुझ्या दारातच सरकवतो. मला वर यायला बंदी आहे की उठली, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

वनमालाने तेल लावून मला परसात पाठवलं होतं, अंगावर टॉवेल, वर शाल. लोक मला बघून आनंदाने दिवाळीच्या शुभेच्छा देत होते. मान वर करून मी तुझ्या पंख्याकडे बघत होतो. पाती स्थिर. मग आत दिवा लागला, तरी पाती स्थिर. माझं ध्यान इतकं त्या खिडकीकडे, की मागे कुणी आलं हे या कानांना कळलंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मागे कुणीतरी न ऐकू येता येऊन उभं राहिलं.

"दादा, पंख्याची वायरच काढून टाकलीय. किती वेळ बघत बसणार आहेस?"

दोन हातांत दोन बादल्या. वाफ निघत होती. पायरी उतरताना अर्धं पाणी तुझ्या लेंग्यावर सांडलं होतं.

"उदबत्ती काल पुन्हा लावली," तू म्हणालास. "दोन गिझर, दार बंद, पंखा चालू. धूर माझ्या डोळ्यांत गेला. मग पंखा काढला, खिडकी उघडली. सरळ वर गेला."

मी विचारलं, मग काल सांगितलं का नाहीस.

"कुणाला सांगू? भोक तू बंद केलंस ना."

तू बादल्या आत नेऊन ठेवल्यास, पाण्यात हात घालून बघितलंस, आणि बाथरूमच्या स्टुलावर थोडा वेळ बसलास. वर बघितलंस, त्या पत्र्याकडे. "इथून ऐकू यायचं?" असं विचारलंस. मी म्हटलं, हो. तू म्हणालास, "बातम्यांवर मी इतका चिडतो?" मी म्हटलं, त्याहून जास्त.

पाणी चांगलं कढत होतं. गिझर कंपनी चांगली आहे, भांडुपवाल्याने फसवलं नाही.

मग अक्षताने खाली तुळशीपाशी कारेटं फोडलं, निहारलाही फोडायला लावलं, त्याचं पायाखालून सुटून पलीकडे गटारात गेलं, आणि लता हसून हसून जिन्यात बसली. गोडे पोहे आमच्याकडेच झाले, कारण सगळे खालीच होते आणि कुणालाच वर जायचं सुचलं नाही. तेव्हा मी निहारला, नुसतं बोलायचं म्हणून, विचारलं की अक्षताची नाहूरची नोकरी कशी चाललीय. तू पोह्यांचा चमचा तोंडाशी थांबवलास, ते मला दिसलं.

"मस्त चाललीय," तो म्हणाला. "आमच्या मामांचं काय ते मनावर घेऊ नका काका, त्यांचं घरात कुणीच ऐकत नाही."

तू माझ्याकडे बघितलंस. मी पोह्यांवर खोबरं घालून घेतलं. शपथेवर सांगतो, मी एक अक्षर बोललो नाही. आई असती तर तिला हा दिवस बघायला आवडलं असतं, कान आणि तोंड दोन्ही एकाच वेळी शहाण्यासारखे.

भाऊबीज झाली की गवंडी येईल. मागच्या भिंतीतून माझा एक पाइप, आणि तुझ्या नव्या गिझरला त्याचा एक वेगळा, दोन्ही त्याच दिवशी काढून घेऊ. जुनं धुरांडं तुझ्या जुन्या गिझरला. प्रत्येकाचा धूर आपापल्या वाटेने गेलेला बरा. तो पत्रा मात्र मी काढणार नाही, तसाच राहू दे.

लताचं डोकं आता आंघोळीनंतर दुखतं का? ते सांगायला खाली ये. मला इथून काही ऐकू येत नाही.

— दादा